फलोदीचा मे महिना आणि पत्र्याचं खुराडं

पत्र

काकू, माझं माहेर पाटण तालुक्यात, कोयनेच्या काठाला. नवरा सौरऊर्जा प्रकल्पावर कामाला आहे, म्हणून दोन वर्षांपासून आम्ही राजस्थानात फलोदी जिल्ह्यात, भडल्याच्या अलीकडच्या एका ढाणीवर, म्हणजे रानातल्या छोट्या वस्तीवर, दोन खोल्या भाड्याने घेऊन राहतो. दिवसभर बोलायला कोणी नसतं. म्हणून गेल्या ऑक्टोबरात चौदा कोंबड्या घेतल्या. आठ गावठी आणि सहा रंगीत, अंगाने भरलेल्या. जुनी लाकडं मिळाली त्यांची चौकट करून वरून पत्रा ठोकून घेतला. सहा फूट बाय चार फुटांचं, कडी-कोयंड्याचं, माहेरी होतं तसं बंदिस्त खुराडं. हिवाळाभर रोज सात-आठ अंडी मिळाली.

मेच्या तिसऱ्या आठवड्यात लू सुटली. वारा लागू नये म्हणून कोंबड्या आत घालून दार लावलं. आत पाणी शिंपडलं. अंगात ताकद राहावी म्हणून बारा वाजता बाजरी घातली. बोअरच्या पाण्यात मीठ-साखर कालवून ठेवली, त्यात बर्फ टाकला. चार वाजता दार उघडलं तर पाच मरून पडल्या होत्या. पाचही रंगीत.

उरलेल्या नऊ तेव्हापासून संध्याकाळी खुराड्यात जात नाहीत, धरून घालाव्या लागतात. मैत्रिणी तिथे मेल्या हे त्यांना आठवत असेल का? तुरे पांढुरके पडलेत. अंडी दोन-तीनच, तीही पातळ कवचाची. एक तर पायांवर नीट उभी राहत नाही. नवरा म्हणतो, विकून टाक, टँकरचं पाणी माणसांनाच पुरत नाही. शेजारची ढाणी बिष्णोईंची, झाडं आणि प्राणी जपणाऱ्या पंथाच्या लोकांची. तिथल्या दादी मला रोज ताक द्यायच्या. कोंबड्या गेल्याचं कळल्यावर त्या एवढंच म्हणाल्या, "बेटी, जीव पाळायचा तर आधी त्याची सोय बघावी." त्यानंतर मी त्यांच्याकडे गेलेले नाही. काकू, ठेवू का या कोंबड्या? की वाळवंट ही कोंबडीची जागाच नाही?

*— फलोदी जिल्ह्यातली एक वाचक*

उत्तर

ठेव. नऊच्या नऊ ठेव. आणि हे उत्तर हातात पडेल त्याच दिवशी अंधार पडल्यावर टॉर्च घेऊन खुराड्यापाशी जा. कशासाठी ते पुढे सांगते, कारण तुझ्या पत्रातली मला सगळ्यांत जास्त काळजीची वाटलेली गोष्ट तिथे आहे, आणि ती उन्हाची नाही.

आधी त्या पाचजणींचं बोलू. ह्यांची नोकरी सैन्यातली, त्यामुळे आम्ही तीन वर्षं बाडमेरकडे होतो. तिथल्या वस्तीतल्या कोंबड्या मी पाहिल्यात, स्वतः पाळल्यात, आणि गमावल्यासुद्धा आहेत. आता माण तालुक्यात राहते. इथलंही ऊन सोपं नाही, पण तुझ्या फलोदीशी त्याची बरोबरी नाही. १९ मे २०१६ ला तुझ्याच फलोदीत ५१ अंश तापमान नोंदलं गेलं. भारतात आजवर अधिकृत नोंद झालेलं ते सर्वांत जास्त तापमान. अशा ठिकाणी तू मे महिना काढते आहेस, तेव्हा सगळा दोष स्वतःकडे घेऊ नकोस. पण काय झालं ते नीट समजून घे, नाहीतर पुढच्या मेमध्येही तेच होईल.

कोंबडीचं अंग मुळातच एकेचाळीस अंशांच्या आसपास तापलेलं असतं. तिला घाम येत नाही. हवा गार असली तर तुऱ्यातून, गळ्याखालच्या पाळ्यांतून, पायांतून थोडी उष्णता बाहेर जाते. पण हवाच बेचाळीस-पंचेचाळीसला गेली की हा रस्ता बंद होतो, उलट बाहेरची उष्णता अंगात शिरायला लागते. मग तिच्या हातात एकच उपाय उरतो, चोच उघडून धापा टाकणं. घशातला ओलावा श्वासाबरोबर उडून जातो आणि त्यानेच ती गार होते. हे जमायला तीन गोष्टी लागतात: पोटात पाणी, अंगावरून वारा आणि कोरडी हवा. वाळवंटातली हवा कोरडी असते, हे तुमच्याकडचं मोठं भाग्य आहे. मुंबईच्या दमट उकाड्यात धापा टाकून कोंबडीला जेवढा आराम मिळतो, त्याच्या कितीतरी पट तुझ्याकडे मिळू शकतो. त्या दुपारी बंद खुराड्यात मात्र या तिन्ही गोष्टी संपल्या. पत्रा वरून भट्टीसारखा तापला, बंद दाराने वारा अडवला, आणि आत शिंपडलेल्या पाण्याची वाफ कोंडून हवा दमट झाली. लूपासून वाचवायला तू त्यांना आत घातलंस आणि त्या आगीतून फुफाट्यात गेल्या.

बाजरीचंही तसंच झालं. दाणा पचताना अंगात उष्णता तयार होते आणि ती खाल्ल्यानंतर काही तासांनी सगळ्यांत जास्त असते. बाराला खाल्लेली बाजरी तीन-चारच्या सुमाराला, म्हणजे दिवसाच्या सगळ्यांत वाईट वेळेला, आतून तापली. पाचही रंगीत कोंबड्या गेल्या आणि गावठी एकही गेली नाही, हे तू स्वतः लिहिलंस. ती गोष्ट योगायोगाची नाही. भरलेलं अंग, दाट पिसं, जास्त खाणं, म्हणजे जास्त उष्णता आणि ती बाहेर टाकायला त्या मानाने कमी जागा.

बर्फ टाकलास ते चुकलं नाही. गार पाणी कोंबडी जास्त पिते. चुकलं ते मीठ. फलोदी आणि बाप हा मिठागरांचा मुलूख, तिथल्या बोअरचं पाणी आधीच खारं. त्यात आणखी मीठ पडल्यावर त्या प्यायल्याच नसतील. तुमच्या घराला टांका असेल तर त्यातलं पावसाचं गोडं पाणी, नाहीतर टँकरचं. पण जे तू स्वतः पिशील तेच त्यांना दे. खारं पाणी फक्त गोणपाटं भिजवायला वापर.

आता खुराडं. पाटणला आपण खुराडं बांधतो ते पावसासाठी आणि रानमांजरासाठी. चार महिने कोसळणाऱ्या पावसात आणि काळ्याकुट्ट रात्रीत ते तसंच हवं, घट्ट आणि झाकलेलं. तू माहेरचं खुराडं जसंच्या तसं थरच्या वाळूत नेऊन ठेवलंस. आजूबाजूच्या ढाण्यांमध्ये माणसं कशात राहतात ते बघ. गोल झोपडं, जाडजूड मातीची भिंत, वर खींप आणि सणिया या तिथल्या झुडपांच्या काड्यांचं हातभर जाड छप्पर, भिंतीच्या बाहेर चांगलं पुढे आलेलं. भर दुपारी आत पाऊल टाकलं की डोळ्यांवरचा ताण उतरतो. त्या लोकांनी शेकडो वर्षं या उन्हाशी जुळवून घेतलंय. तुझ्या कोंबड्यांना त्याच घराची लहान प्रतिकृती हवी आहे.

जागा निवडताना अंगणातल्या खेजडीच्या पूर्वेला निवड, म्हणजे दुपार कलली की झाडाची सावली छपरावर येईल. खेजडी म्हणजे आपली शमी. दसऱ्याला आपण तिची पूजा करतो, आणि तिथे ती राजस्थानचा राज्यवृक्ष आहे. एक लक्षात ठेव, तिच्या फांदीला कोयता लावू नकोस, खिळा ठोकू नकोस, तारही बांधू नकोस. जोधपूरजवळच्या खेजडलीत १७३० साली ही झाडं वाचवायला अमृतादेवींसह ३६३ बिष्णोई माणसांनी प्राण दिले. तुझ्या शेजारच्या दादींच्या घरात ही गोष्ट पुस्तकातून आलेली नसते, ती घरातल्या आजा-पणज्याच्या आठवणीसारखी सांगितली जाते.

खुराड्याची लांबी पूर्व-पश्चिम ठेव. पश्चिमेची भिंत मातीची आणि जाड, कारण संध्याकाळचं तिरपं ऊन तिथूनच मारतं. उत्तर आणि दक्षिण बाजूंना वरपासून खालपर्यंत बारीक छिद्रांची तारेची जाळी, म्हणजे वारा आरपार जाईल. जाळी जमिनीत हातभर खोल पुर, नाहीतर खोकड उकरून आत शिरतं. मुंगूस आणि रानमांजरही तुमच्या भागात आहेत. नऊ कोंबड्यांना निदान पस्तीस-चाळीस चौरस फूट जागा दे. सावलीची आणि वाऱ्याची जागा म्हणून दिवसा त्या स्वतःच आत येतील, दार लावावं लागणार नाही. घारी-ससाण्यांची भीती असेल तर दारापुढे काट्यांचा छोटा आडोसा आणि त्यावर जुनी जाळी घाल. आंधीत छप्पर उडतं म्हणून दोर आणि दगड लाव.

दक्षिणेच्या जाळीबाहेर गोणपाटाचे पडदे सोड. तुमच्याकडे उन्हाळ्यात वारा बहुतेक नैऋत्येकडून येतो. अकरा वाजता पडदे भिजव, मग दर दीड-दोन तासांनी. ओल्या गोणपाटातून आत येणारा वारा बाहेरच्यापेक्षा कितीतरी थंड असतो. पाऊस सुरू होऊन हवा दमट झाली की मात्र पडदे काढून ठेव. तेव्हा त्यांचा उपयोग होत नाही, नुसता वारा अडतो.

पाण्याच्या हिशेबावर तुझे यजमान बोलले, ते त्यांच्या जागी बरोबर आहेत. पण आकडा मांडून बघ. कडक उन्हात एक कोंबडी अर्धा लिटर पाणी पिते. नऊजणींचं साडेचार लिटर झालं. मातीच्या तीन कुंड्या घे, सावलीत अर्ध्या वाळूत पुरून ठेव. वाळू थोडी ओली ठेवलीस तर पाणी गार राहतं. पाणी दिवसातून चार वेळा बदल आणि कुंडीतलं कोमट झालेलं पाणी फेकू नकोस, तेच गोणपाटावर मार. भांडी विसळलेलं, साबण नसलेलं पाणीही तिथेच जाऊ दे. सगळं मिळून एका बादलीत भागतं. हे त्यांना मोजून दाखव. प्लॅस्टिकच्या काळ्या नळीतून दुपारी पाणी भरू नकोस, चहाच्या आधणासारखं येतं ते.

दाणा सकाळी उजाडता उजाडता, आठच्या आत. मग संध्याकाळपर्यंत काही नाही. सूर्य तुमच्याकडे जूनमध्ये साडेसातच्या सुमाराला मावळतो, म्हणजे साडेसहानंतर दुसरं खाणं. त्या वेळी चुनखडीची बारीक कच किंवा भाजून कुटलेली अंड्याची कवचं वेगळ्या परळात ठेव. कवच रात्रीतून बनतं, म्हणून संध्याकाळचा चुना उपयोगी पडतो. पातळ कवचाचं खरं कारणही धाप आहे. सारखं धापून रक्ताचा आम्ल-अल्कली तोल बिघडतो आणि कवचाला लागणारा माल कमी पडतो. ऊन उतरलं की ते सुधारेल. दुकानात 'अंडी वाढवणारं' औषध मिळेल, घेऊ नकोस. या दिवसांत दोन-तीन अंडी येतात हीच मोठी गोष्ट आहे.

बाजरी तुमच्याकडची उत्तम, मक्याची उणीव भासू देत नाही. तिच्याबरोबर मटकी भरडून घाल. गवार तिथे रग्गड पिकते, पण गवारीचा दाणा किंवा चुरी कोंबड्यांना घालू नकोस. त्यातला डिंक त्यांना पचत नाही आणि अंग धरत नाही. वाळवीचं एक सांगते. एका जुन्या मडक्यात ओलसर शेण आणि बाजरीची धाटं भर आणि ते वाळवीच्या वारुळाजवळ पालथं घाल. दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत उचललंस तर आत मूठभर वाळवी असते. कोंबड्यांना यापेक्षा चांगला खुराक विकत मिळत नाही. टोळधाडीच्या वर्षी मात्र टोळ खाऊ देऊ नकोस. २०१९-२० मध्ये तुमच्या भागात टोळधाडीवर मोठी औषधफवारणी झाली होती, आणि असे टोळ खाल्ले की विष पोटात जातं.

आता टॉर्चची गोष्ट.

कोंबड्या खुराड्यात जायला तयार नाहीत, हे वाचून तुला वाटलं की त्यांना मैत्रिणींचं मरण आठवतं. तुझं मन मी समजू शकते. पण तुरे पांढरे, एक पायांतून गेलेली, अंधारात आत जायला नकार, आणि खुराड्याला जुनं लाकूड, हे चारही एकत्र वाचल्यावर मला बाडमेरची एक रात्र आठवली. कोरड्या गरम मुलखात कोंबड्यांची एक वेगळी गोचीड असते. गुराढोरांना चिकटते तशी ती दिवसा अंगावर दिसत नाही. दिवसभर लाकडाच्या फटीत, भिंतीच्या भेगेत, सालीखाली लपते. रात्री बाहेर येते, झोपलेल्या कोंबडीचं रक्त थोडा वेळ पिते आणि परत फटीत जाते. चपटी, लांबट गोल, राखी-तपकिरी. रक्त प्यायली की निळसर दिसते. उपाशी ती दोन-तीन वर्षंही जगते, म्हणून रिकामं ठेवलेलं जुनं खुराडं आणि कुणाकडून आणलेली जुनी लाकडं धोक्याची. दिवसा खुराडं चाळून बघितलंस तर काहीच सापडणार नाही आणि तू म्हणशील काकूंचा अंदाज चुकला. म्हणून रात्री दहानंतर जा. दांडीच्या खालची बाजू बघ, जोडाच्या फटी बघ, तिथे सुरीचं टोक फिरव. मग एक कोंबडी उचलून पंखाखाली फुंकर मारून बघ. तिथे काळसर दाणे चिकटलेले दिसले तर ती गोचिडीची पिल्लं. ती मात्र काही दिवस अंगाला चिकटूनच राहतात. हात घालण्याआधी प्रत्येक वेळी उजेड टाक. दाण्यामुळे उंदीर येतात आणि उंदरांमागे फुरसं येतं.

गोचीड सापडली तर त्या खुराड्याची दुरुस्ती करत बसू नकोस. पत्रा सोडवून कडक उन्हात उलटासुलटा तापव, लाकूड सगळं जाळून टाक. कोंबड्या लगेच नव्या घरात नेऊ नकोस, अंगावरची पिल्लं त्यांच्याबरोबर नव्या घरात जातील. आधी दहा-बारा रात्री त्यांना जाळीखाली, खाली गोणपाट अंथरून, अंगणाच्या दुसऱ्या टोकाला झोपव. ही जाळी सगळीकडून बंद असू दे, खोकडाला एक रात्र पुरते. नंतर ते गोणपाट जाळ आणि मग नव्या घरात ने. दांड्या भिंतीत रोवू नकोस, तारेने छपराला टांग आणि तारेला वंगण लाव, म्हणजे खालून चढायला वाट राहत नाही. भिंतीच्या भेगा शेण-मातीने बुजव, वरून चुना दे, आणि छपराच्या काड्या दर दोन वर्षांनी बदल. शेतातलं फवारणीचं औषध कोंबड्यांवर किंवा खुराड्यात मारू नकोस. त्या प्रत्येक गोष्ट चोचीने टिपतात.

पायांतून गेलेलीला मात्र सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात घेऊन जा, सकाळी सातच्या आत. गोचिडीमुळे लुळेपणा येतो, तो गोचीड काढली की उतरू शकतो. पण तीच गोचीड रक्तात जंतूही सोडते. त्याला इंजेक्शन लागतं आणि ते वेळेत लागतं. मान वाकडी होणं, हिरवट पातळ शीट, असं काही दिसलं तर ती मानमोडी, म्हणजे राणीखेत, असू शकते, डॉक्टरांना तसं सांग.

मानमोडीवरून लसीचं लिहिते. बाडमेरला माझ्या सतरा कोंबड्या एका आठवड्यात मानमोडीने गेल्या. लस टोचली होती. पण आणताना ती बाटली उन्हात तापली होती, आणि हे मला नंतर उमगलं. लस थंडच राहायला हवी, दोन ते आठ अंशांत. थर्मासमध्ये बर्फ घालून पहाटे आण आणि आणल्याबरोबर टोचून घे. एका बाटलीत शंभर कोंबड्यांना पुरेल एवढी लस असते, उघडली की काही तासांत संपवावी लागते. म्हणून आजूबाजूला ज्यांच्याकडे कोंबड्या असतील त्यांना आदल्या दिवशी निरोप दे. ओळखी होतील, आणि बाटली वायाही जाणार नाही.

एवढं सगळं करूनही एखाद्या दुपारी एखादी जड पडेल. पंख अंगापासून लांब, मान ताणलेली, डोळे मिटलेले दिसले की तिला उचल आणि कोमट-गार पाण्याच्या बादलीत पोटापर्यंत धर. डोकं पाण्याबाहेर. बर्फाच्या पाण्यात एकदम बुडवू नकोस. मग सावलीत, वाऱ्याला ठेव. अंग ओलं असताना वारा लागला की ती सावरते.

नवीन पिल्लं आत्ता आणू नकोस. खुडूक बसलेली कोंबडीही आत्ता बसवू नकोस, अंडी नासतील. सप्टेंबर संपता संपता घे. तेव्हा जडवजनी रंगीत जात नको. उदयपूरच्या कृषी विद्यापीठाने मेवाडी गावठी रक्त घालून 'प्रतापधन' ही जात राजस्थानच्या परसासाठीच तयार केली आहे, तिची चौकशी कर. बोडक्या मानेची गावठी कोंबडी कुठे दिसली तर ती जरूर घे. मानेवर पिसं नसतात, त्यामुळे उन्हात ती जास्त टिकते. जानेवारीत रात्री कडाक्याची थंडी पडेल, तेव्हा पिल्लांना ऊब द्यावी लागेल. पण त्याचं तेव्हा पाहू.

हिवाळ्यात खीचन गावाला कुरजां, म्हणजे स्थलांतर करून येणारे क्रौंच पक्षी, उतरतात, तुझ्यापासून फार लांब नाही, एकदा जाऊन ये. गावकरी त्यांना दाणे घालतात, बघायला फार सुंदर वाटतं. पण तिथे घातलेल्या चपला अंगणात येण्याआधी धू, आणि कोंबड्यांना तळ्याकाठी सोडू नकोस. जोधपूर-जैसलमेर भागात बर्ड फ्लूने कुरजां मेल्याचं आपण वाचलेलं आहे. उन्हाची लाट नसताना एकदम तीन-चार कोंबड्या मेल्या तर हात न लावता दवाखान्यात कळव.

आता विकण्याचं. जूनच्या उन्हात मोटारसायकलला पाय बांधून उलट्या टांगून नेल्या तर नऊपैकी निम्म्या रस्त्यातच जातील. ज्या पोचतील त्या कापल्या जातील, आणि हे दादींच्या दारावरून जाईल. ऑक्टोबरपर्यंत थांबायला यजमानांना सांग. तेव्हाही नको वाटल्या तर पाळणाऱ्या एखाद्या घरी दे.

आणि दादी. पोरी, मला त्यांच्या बोलण्यात राग ऐकू येत नाही. ज्या घरात दारावर आलेल्या हरणाला पाणी ठेवतात, जिथे पंथाच्या एकोणतीस नियमांमध्ये जीवाची दया आणि हिरवं झाड न तोडणं हे दोन्ही आहे, त्या घरातल्या म्हातारीने पाच जीव गेलेले पाहिले. त्यांनी तुला शिवी दिली नाही, ताक बंद केलं नाही. सोय आधी, एवढंच म्हणाल्या. ताक घ्यायला तू गेली नाहीस. तर उद्या संध्याकाळी जा. हात जोडून सांग की माझं चुकलं, आणि मला खींपचं छप्पर शाकारायला शिकवा. कोंबड्यांसाठी म्हणून सांग, लपवू नकोस. त्या नाही म्हणाल्या तर तो त्यांचा धर्म, वाईट वाटून घेऊ नकोस. दुसऱ्या ढाणीवर विचार. पण मला वाटतं त्या येतील, किंवा सुनेला पाठवतील. अंगणात एकही कोंबडी कापली जाणार नाही असं त्यांना आपणहून सांग आणि ते पाळ. अंड्यांची कवचं वाऱ्यावर उडू देऊ नकोस. मेलेली कोंबडी टेकाडावर टाकून देऊ नकोस, कमरेएवढा खड्डा करून वर चुना घालून पुर. ते त्यांच्यासाठीही, आणि रात्री फिरणाऱ्या कुत्र्या-खोकडांना चटक लागू नये म्हणूनही.

तुझ्या पत्रात एक गोष्ट राहिली: नऊत कोंबडा आहे का? असेल तर अंडी दिवसातून तीनदा उचल आणि ओल्या वाळूत ठेवलेल्या मडक्यात ठेव. तुमच्याकडच्या उन्हात नराची अंडी कोंबडी न बसताही आतून फळायला लागतात आणि दोन दिवसांत खायच्या कामाची राहत नाहीत. नसेल तर दोनदा उचललीस तरी चालेल. टॉर्चच्या उजेडात काय दिसलं ते मात्र लगेच कळव, छपराच्या आधी.